न ठेवलेलं बोलणं

शनिवारी सकाळी साडेआठला, कटिंगच्या टेबलावर कापडाचा पहिला थर अंथरून होतोय न होतोय तोच, कोपऱ्यातल्या संगणकावर करड्या रंगाची एक ओळ आली: धावदोरा बाहेर गेला. बस, एवढंच. तिच्या वर कुणीतरी काजांमधलं अंतर विचारत होतं, खाली कुणीतरी त्याला उत्तर देत होतं, आणि मधे ही ओळ, कुणाचंच तिच्याकडे लक्ष नसलेली. उजवीकडच्या यादीत खालून चौथं असलेलं त्याचं नाव नाहीसं झालं आणि खालची तीन नावं एकेक घर वर सरकली. माझ्या हातात खडू होता. मी तो टेबलावर ठेवला, परत उचलला, आणि थर लावणाऱ्या बाईंना म्हटलं, ताणू नका हो, कापड दमट आहे, मागाहून आक्रसेल. सांगितलं ते बरोबरच होतं. आवाजही नेहमीचाच होता. फक्त पुढची खूण करताना मला आठवेना की आपण पाठ आखतोय की पुढचा भाग, आणि हे गेल्या सव्वीस वर्षांत झालं नव्हतं.

आमच्या कारखान्यात दवाखान्यांचे, हॉटेलांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश शिवले जातात, आणि ते कापायचे कसे हे कागदावर आखून देणं आणि कापडाच्या थरांवर उतरवून कापणं हे माझं पोटापाण्याचं काम. दुसरं एक काम बिनपगारी आहे, आणि माझा जीव असेल तर त्यात आहे. 'बेतणी' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. अंगाची मापं भरली की त्या एका माणसाला बसेल असा कापायचा कागद ते छापून देतं. ते कुणाच्या मालकीचं नाही. कुणीही वापरावं, उघडून आत बघावं, चुकलेलं दुरुस्त करावं. ते सांभाळणारे आम्ही चाळीसएक जण आहोत, कुठे कुठे विखुरलेले, निम्मे शिवणारे आणि निम्मे प्रोग्राम लिहिणारे, एकमेकांच्या कामातलं ओ की ठो कळत नसताना एकमेकांना अक्कल शिकवणारे. आमची भेट होते ती गप्पांच्या एका जुन्यापान्या खोलीत. खोली म्हणजे पडद्यावरची एक काळी चौकट. डावीकडे बोलणं, उजवीकडे हजर असलेल्यांची नावं. चित्र नाही, आवाज नाही आणि साठवण नाही. तुम्ही असाल तेव्हा जे बोललं जाईल ते तुम्हाला दिसणार. तुम्ही नसताना झालेलं बोलणं तुमच्यापुरतं झालंच नाही. खरी नावं तिथे कुणी वापरत नाही. मी टाचणी. तो धावदोरा.

खोली त्यानं उघडली तेव्हा आत तो एकटा होता आणि दुसरी मी. माथ्यावर एक पाटी लावायची सोय असते, तिथे त्यानं लिहिलं: खोलीतलं खोलीत. म्हणजे इथलं बोलणं कुणी उतरवून ठेवायचं नाही. मी तेव्हा त्याला विचारलं होतं की बाबा, एवढं गुपित काय आहे आपल्यात, बाह्या आणि बटणं तर आहेत. तर म्हणाला, माणसाला चुकायला आडोसा लागतो. लोकांसमोर मूर्खासारखा प्रश्न विचारायचा आणि तो कायमचा तिथे लटकत राहायचा, मग कोण विचारील? त्याचं खरं होतं. आज ज्यांना लोक मास्टर म्हणतात अशा तिघांनी पहिल्या दिवशी त्या खोलीत येऊन विचारलेलं मला आठवतंय की बाही उलटी लागली, आता सदराच उलटा घालावा का. आता ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि मी कुणाला सांगणारही नाही. धावदोरा कुठे राहतो, पोटासाठी काय करतो, वय किती, मला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईच्या पाठीला बाक होता, बाजारातलं काही तिला धड बसायचं नाही, म्हणून त्यानं पहिली बेतणी लिहिली, एवढं एकदा बोलण्याच्या ओघात निघालं होतं. हसू आलं की तो नुसतं 'हं' लिहायचा. एक हं म्हणजे थोडं, दोन हं म्हणजे पोटभर. माझी जेवणाची सुट्टी एक ते दीड, आणि एक वाजता तो असायचाच. माझं लग्न मोडल्यानंतर मी ज्या माणसाशी सगळ्यात जास्त बोलले तो हा, आणि बोलणं तरी काय, तर गळा, खांद्याचा उतार, अस्तर. एकदा मी लिहिलं, आज अगदी वीट आलाय. कशाचा, त्यानं विचारलं. मी लिहिलं, चौतीस नंबरच्या सदऱ्याचा. दोन हं आले. त्या दुपारी मी कारण नसताना इतकी खुशीत होते की आमच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, बाई, पगार वाढला काय. मला तो हवा होता. कशासाठी ते विचारू नका, मलाही नीट सांगता यायचं नाही. भेटायला नको होता. फोटोही नको होता. एक वाजता असायला हवा होता.

आणि गेले आठ महिने तो नव्हता. यादीत नाव होतं, पण नाव असणं वेगळं. आमच्यातले पुष्कळ जण घरी एखादा जुना संगणक चालू ठेवतात आणि त्यात एक छोटा प्रोग्राम असतो, जो खोलीत आपल्या नावानं जागा धरून बसतो. माणूस झोपू दे, गावाला जाऊ दे, नाव हजर. बसमध्ये खिडकीशी रुमाल टाकावा तसला प्रकार. हे मला पक्कं माहीत आहे. नव्या येणाऱ्याला मीच समजावते की यादीत नाव दिसलं म्हणजे माणूस आहे असं धरून चालू नका, हाक मारा आणि ओ आली तरच खरं. तरी आठ महिने मी रोज सकाळी संगणक सुरू केला की आधी खालून चौथं नाव बघायची, आणि ते दिसलं की जिवाला बरं वाटायचं. त्या नावाला ऐकू जाईल अशा बेतानं मी बोलायची. एखादा विनोद सुचला की तो एक वाजेपर्यंत राखून ठेवायची. कारखान्यात कुणी यंत्राला हात जोडताना दिसलं तर मी त्याची टिंगल केली असती, आणि इथे मी स्वतः कुणाच्या तरी टेबलाखालच्या डब्याशी बोलत होते. आज त्या डब्याची वायर कुणीतरी काढली. घर आवरताना काढली असेल, किंवा कुणाला तरी तो भंगारात द्यायचा असेल. तो स्वतः काढेल असं मला वाटलं नाही. स्वतः काढली असती तर आधी काहीतरी बोलला असता, इतकी खात्री मला होती, आणि तिला आधार काहीच नव्हता.

आठ महिन्यांपूर्वीचा शेवटचा दिवस मला पाठ आहे, निदान दीड वाजेपर्यंतचा. मुंढ्यावरून वाद झाला होता. मुंढा म्हणजे सदऱ्याला बाही जिथे जोडतात तो गोल. बेतणी तो छातीच्या मापावरून काढायची. धावदोरा म्हणत होता की वाकलेल्या पाठीला हे चालणार नाही, मानेच्या हाडापासून पाठीवरून खाली वेगळं माप घ्यायला हवं. मी म्हणत होते की आणखी एक रकाना वाढवलास तर नवी माणसं बिचकून पळतील. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, सकाळी आमच्या मालकांनी मला चार लोकांत बोल लावला होता. एक वाजून एकतीस मिनिटांनी, घंटा झालेली असताना, मी भर खोलीत लिहिलं, तू आयुष्यात किती मुंढे कापलेस रे? मी रोज चारशे कापते. त्यानं लिहिलं, बरोबर आहे. हं नाही, काही नाही. मी चौकट बंद करून टेबलाकडे धावले. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव होतं आणि तो नव्हता. मी निघाल्यावर तिथे काय झालं हे मला कळायला मार्ग नव्हता, कारण खोलीतलं खोलीत. बाकीच्यांना विचारलं तर कुणाला आठवेना. त्यांच्या लेखी तो एक साधा बुधवार होता. पुढे मी माझ्या ताईवर त्याचं माप घेऊन पाहिलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, पोस्टाच्या खिडकीत जन्म गेला, पाठ बाकदार झालेली. पातळ कापडाचा कच्चा सदरा तिच्या अंगावर चढवला आणि हात वर करायला लावले. ती म्हणाली, अगं, गळ्याशी ओढत नाहीये, असं पहिल्यांदाच होतंय. मी त्याच दुपारी खोलीत लिहिलं की धावदोऱ्या, तुझंच बरोबर होतं. ते डब्यानं ऐकलं असेल.

त्यामुळे खोली बदलायचा विषय निघाला तेव्हा मी आडवी आले. विषय काढला आमच्या सचिवबाईंनी. त्या कॉलेजात गणित शिकवतात, बेतणीचा सगळा कारभार बघतात, आणि तोंडावर गोड बोलून पाठीमागे काही करायचं हा गुण त्यांच्यात नाही. त्यांचं म्हणणं रास्त होतं. नवा माणूस खोलीत येतो, प्रश्न विचारतो, उत्तर देणारा दोन तासांनी उगवतो, तोवर विचारणारा निघून गेलेला. एकच गोष्ट आपण दहादा सांगतो आणि दहाही वेळा ती हवेत विरते. तरुण मंडळी फोनवरून येऊ बघतात तर फोनवर आपली खोली मुंगीएवढी दिसते. तर नवी जागा बघूया. तीन पर्याय होते. आहे ती खोली ठेवायची, किंवा एका कंपनीच्या चकचकीत ॲपवर जायचं, किंवा आपल्याच यंत्रावर चालवायची एक नवी जागा घ्यायची, जी आमच्यासारख्याच बिनपगारी लोकांनी बनवली आहे, जी बोलणं साठवते आणि केव्हाही शोधू देते. ठरवायचं तिघांनी: सचिवबाई, मी आणि कानसेन. कानसेन निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. त्यांना दिसत नाही. त्यांचा संगणक पडद्यावरचं त्यांना वाचून दाखवतो, त्यामुळे कुठलीही नवी गोष्ट आधी त्यांच्या कानाखालून जाते. नावही त्यांनी स्वतःच घेतलंय. कंपनीचं ॲप त्यांनी अर्धा तास वापरलं आणि कळवलं की यंत्र नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणतंय, मला कुणीतरी काजबटणाच्या दुकानात सोडून गेलंय. ते ॲप तिथेच बाद झालं. आपल्या यंत्रावरची जागा मात्र त्यांना सरळ वाचता आली. उरले मी आणि माझी कारणं. ज्यांच्याकडे जुने संगणक आहेत त्यांचं काय, यंत्र बंद पडलं तर रविवारी कोण उठून बघणार, साठवलेलं बोलणं उद्या कुणाच्या हाती पडेल. एकेक कारण इस्त्री केल्यासारखं होतं. खरं कारण एकच होतं आणि ते मी कुणापुढे काढलं नाही: त्याला आमचा हा एकच पत्ता माहीत होता. आम्ही जागा सोडली आणि तो परत आला तर?

मंगळवारी तिघांची बैठक झाली तेव्हा कानसेन म्हणाले की एक गोष्ट कबूल करायची आहे. त्यांचं यंत्र एक ओळ वाचतं तोवर खोलीतलं बोलणं दहा ओळी पुढे गेलेलं असतं, म्हणून अगदी पहिल्या दिवसापासून ते सगळं बोलणं एका फायलीत उतरवून घेत आले आहेत, म्हणजे मागाहून सावकाश ऐकता येतं. नियम माहीत होता, मोडला, दुसरा इलाज दिसला नाही. अकरा वर्षांचं सगळं आहे. सचिवबाई खुलल्या. अकरा वर्षांचं ज्ञान, त्या म्हणाल्या, ते नव्या जागेत भरून टाकू, कुणालाही शब्द घालून शोधता येईल, यासारखं काय हवं. कानसेन म्हणाले, भरावं की नाही यावर मी बोलणार नाही. चोरी मी केली, न्यायही मीच करायचा हे बरं दिसत नाही. तेव्हा असं ठरलं की धावदोऱ्याच्या मागे खोलीची किल्ली टाचणीकडे आहे, तर जुन्या बोलण्याचं काय करायचं ते तिनं सांगावं, आणि नव्या जागेला तिची हरकत असली तर तीही एकदाची लेखी द्यावी. मुदत शनिवारी दुपारी चारची. मंगळवारपासून मी ताट समोर घेऊन बसत होते आणि ताई म्हणत होती, जेवतेयस की माप घेतेयस? अकरा वर्षांचे एक वाजले त्या फायलीत होते. एक शब्द टाकला असता आणि तो आला असता, गळा, खांदा, उतार, हं, हं हं. मला ती फाइल हवी होती. सगळी हवी होती. इतकं उघड मला बऱ्याच वर्षांत काही हवं झालं नव्हतं. आणि त्या सगळ्यात मला आधी हवी होती ती त्या बुधवारची दीडनंतरची वेळ, म्हणजे मला कळलं असतं की तो माझ्यामुळे गेला का.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. दीडला मी घरी पोचले तेव्हा ताई गॅलरीत रांगोळी... छे, रांगोळी कसली, माझं डोकं त्या दिवशी भलतंच काही बघत होतं. ती फरशीवर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करत होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला सगळं माहीत नाही, पण पुष्कळ माहीत आहे. ती त्याला 'तुझा दोरा' म्हणते. मी सांगितलं की त्याचं नाव गेलं यादीतून. तिनं बोटावरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "अगं, आठ महिने तू त्याची वाट बघत होतीस की माफीची?" मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. ती म्हणाली, एक नाहीये, आणि पोळ्या लाटायला आत गेली. मला तिचा राग आला. मोठ्या बहिणींना एक वाईट खोड असते, त्या बरोबर तेवढंच बोलून उठून जातात. मी माझ्या खोलीत आले, दार लोटलं, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या त्या मोजल्या, अकरा भरल्या, आणि कानसेनांना फोन लावला.

मी म्हटलं की मला फाइल नकोय, एका दिवसातला थोडा भाग ऐकायचाय, आणि हे नियमाला धरून नाही हे मला कळतंय. त्यांनी कुठला दिवस ते विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "थांबा, जोडून देतो." तीस वर्षांची सवय, तोंडून गेलं असणार. मग पलीकडे कळफलक वाजला. त्यांच्या एका कानात यंत्र होतं आणि दुसऱ्याला फोन. यंत्र वाचेल ते ऐकून ते मला स्वतःच्या आवाजात सांगू लागले, सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत, परगावचा निरोप सांगावा तसं. एक वाजून बत्तीस, टाचणी बाहेर गेली. मी डोळे मिटून घेतले. एक वाजून छत्तीस, ते म्हणाले, आणि पुढे कुणी एक नवा माणूस बोलत होता, ज्यानं स्वतःचं नाव कफवाला ठेवलं होतं आणि ज्याला बाहीला कफ जोडता येत नव्हता. बाहीचं तोंड मोठं आणि कफ लहान, उरलेल्या कापडाचं करू काय? धावदोऱ्यानं विचारलं, तोंड किती, कफ किती. कफवाल्यानं सांगितलं. मग उरलेल्याच्या दोन चुण्या घाल, धावदोरा म्हणाला, आणि दोन्हींची तोंडं चिरेकडे वळव. चीर कुठे घ्यायची? तर तो म्हणाला, हात समोर धर. धरलास? कोपरातून थोडा वाकव. आता करंगळी बघ. करंगळीपासून सरळ मागे ये, चीर तिथे. कफवाल्याला दोनदा कळलं नाही. दोन्ही वेळा त्यानं तेच तितक्याच शांतपणे सांगितलं, दुसऱ्यांदा थोडे लहान शब्द घेऊन. माझा डावा हात समोर आलेला होता, कोपरात वाकलेला, आणि मी माझ्या करंगळीकडे बघत होते. कफांची चीर मी लाखभर वेळा तरी आखली असेल. पंचवीस मिनिटं तो त्या माणसाशी बोलला. चिडलेला नव्हता. दुखावलेला नव्हता. मधे एकदा कफवाल्यानं काहीतरी गंमत केली तर हं आला. आणि त्या पंचवीस मिनिटांत मी कुठेही नव्हते, माझं नाव नव्हतं, मुंढा नव्हता, रोजच्या चारशेंवर एक टोमणा नव्हता. मी म्हटलं, पुरे.

पलंगाच्या कडेवर बसून मला हसू यायला लागलं, आणि ते धड हसू नव्हतं. आठ महिने मी स्वतःला गुन्हेगार म्हणून सांभाळत होते. एका माणसाला मी घालवलं, एवढी मोठी मी. आणि तो घालवला गेलाच नव्हता. मी उठून गेले आणि तो कफाकडे वळला, जसं कुणीही वळेल. मग कुठे गेला, आजारी पडला का, मेला का, की बेतणीचाच त्याला कंटाळा आला, त्या फायलीत नव्हतं आणि कुठल्याही फायलीत असणार नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी असं वाटलं की मघापर्यंत निदान त्याच्या रागात तरी मला जागा होती. मग मी त्या चार मिनिटांना चिकटले. एक बत्तीसला मी गेले, एक छत्तीसला कफवाला आला. मधल्या चार मिनिटांत तो काय करत होता? पाणी प्यायला उठला असेल. काही लिहायला घेऊन पुसलं असेल. फाइल बोललेलंच ठेवते, लिहून खोडलेलं ठेवत नाही, नुसतं बसून राहिलेलं तर नाहीच. कानसेन लाईनवर होते. त्यांनी विचारलं, "टाचणीबाई, आहात ना?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले की इतके महिने सांगावंसं वाटत होतं की तो तुमच्यावर चिडला नव्हता, पण सांगायचं तर मी ऐकून ठेवलंय हे सांगावं लागलं असतं. मी त्यांना म्हटलं, असू दे. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, म्हणजे ठेवलंही असतं आणि लपवलंही असतं.

पण एक गोष्ट तेवढ्यात मला लख्ख कळली होती. त्या कफवाल्यानं दोनदा सांगूनही न कळल्याचं लाजत कबूल केलं होतं ते कुणी ठेवणार नाही या भरवशावर, आणि धावदोरा त्याच्याशी इतका निवांत बोलला होता तोही त्याच भरवशावर. आणि मी आठ महिन्यांनी दाराला कान लावून ते ऐकलं होतं, हात समोर धरून. ते ऐकताना मला जे झालं ते चांगलं होतं, आणि ते माझं नव्हतं. पावणेचारला मी सचिवबाईंना लिहिलं. नव्या जागेला माझी हरकत नाही, आपल्या यंत्रावर चालवूया, रविवारी यंत्र बंद पडलं तर मी उठून बघेन. तिथे साठवण असेल ते दारावरच लिहूया, म्हणजे येणारा जाणून येईल. जुनं बोलणं मात्र भरायचं नाही, आणि फाइल पुसायची, कारण लोक ठेवलं जाणार नाही असं समजून बोलले होते. हे लिहिताना माझा हात अडला नाही. कारण खरं होतं, आणि ते लिहिणारी त्यातलं स्वतःपुरतं चोरून घेऊन मोकळी झाली होती, हेही खरं होतं. दुसरं मी लिहिलं नाही. सचिवबाईंचं उत्तर दोन मिनिटांत आलं. हळहळ वाटतेय, पण तुमचं बरोबर आहे, आणि टाचणी, थकल्यासारख्या वाटताय, दोन दिवस काही बघू नका. इतकं मऊ त्या कधी बोलत नाहीत. मला त्यांना सगळं सांगावंसं वाटलं, आणि मी नुसतं बरं म्हटलं.

मग मी जुन्या खोलीच्या माथ्यावरची पाटी काढून तिथे नव्या जागेचा पत्ता लिहिला. आत सतरा नावं होती. कुणी विचारलं, खरंच जायचं का, कुणी म्हणालं, बरं झालं, आता फोनवरून तरी दिसेल. मी म्हटलं, सोमवारपर्यंत दार उघडं आहे, ज्याला जसं जमेल तसं या. त्याचं नाव असायचं तिथे आता जे नाव आलं होतं तो एक इस्त्रीच्या यंत्रांचा दुरुस्तीवाला होता, भला माणूस, त्याचा काय दोष. ताईनं दारातून विचारलं, चहा टाकू का, आणि मी हो म्हटलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

कानसेन होते. सचिवबाईंचा निरोप त्यांना मिळाला होता. "पुसायला बसलोय," ते म्हणाले, "पण मघाशी तुम्ही पुरे म्हणालात तेव्हा त्याच्या दोन ओळी राहिल्या होत्या. तुमच्याबद्दल नाहीत. नुसतं निघतानाचं बोलणं आहे कफवाल्याशी. नको असेल तर नको." ताईनं स्वयंपाकघरात पातेलं ठेवल्याचा आवाज आला. आत्ताच मी सगळ्यांच्या वतीनं लेखी दिलं होतं की हे कुणी ऐकायचं नाही. मी म्हटलं, वाचा. कानसेनांनी आवाज साफ केला. कफवाला म्हणतोय, आता जमेल वाटतंय, पण उद्या परत अडलं तर? आणि धावदोरा म्हणतोय, तर विचार की, असतोच मी. ते मला म्हटलेलं नव्हतं. कफवाल्याला म्हटलेलं होतं, आणि तो कफवाला खोलीत परत कधी दिसला नाही, म्हणजे ते तसंच पडून होतं. मी ते घेतलं. मग कानसेनांना म्हटलं, आता पुसा.